मुलांची प्रार्थना आणि आईबापांचे एकमत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी आज मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतच झालेले. पुढे घरची वाडी, भाजीच्या पाट्या आणि मग संसार, यातच दिवस गेले. तेव्हा विद्वान माणसासारखे बोलणे माझ्याकडून होणार नाही. पण तीन मुलांना क्रुसाची खूण करायला शिकवले आहे, आणि गेली काही वर्षे आळीतल्या लहान मुलांची रोजरी घेते आहे. त्या अनुभवावरून, आणि आपल्या धर्मग्रामात फादरांनी पालकांसाठी जे वर्ग घेतले त्यांत वहीत जे टिपून घेतले त्यावरून, थोडेसे सांगते. गोड मानून घ्या.

विषय असा की, मुलांना आपल्या कॅथलिक उपासनेचे वळण लावताना नवराबायकोचे एकमत होत नाही, तेव्हा काय करावे? विषय लहान वाटेल. पण घरोघरी मातीच्या चुली. आपल्या वसईत संध्याकाळी सात-साडेसातला कोणत्याही आळीतून चालत गेले, तर एका घरातून रोजरीचा आवाज येतो आणि दुसऱ्या घरातून रोजरीवरून चाललेल्या वादाचा! नवरा म्हणतो, "पूर्ण म्हणा, गुडघ्यावर म्हणा." बायको म्हणते, "पोरगी झोपेने पेंगते आहे, एकच दशक पुरे." दुसऱ्या घरी नेमके उलट. तिथे आई माळ घेऊन बसलेली आणि वडील म्हणतात, "मोठी झाली की त्यांची ती करतील, आतापासून कशाला जाच?"

आता हा वाद दोघांतच राहिला असता तर मी इथे बोलायला उभी राहिले नसते. पण त्या दोघांच्या मध्ये एक मूल बसलेले असते. ते दोघांची तोंडे पाहते आणि मनात हिशेब करते. मुले फार हुशार असतात. आई रोजरीला बोलावते तेव्हा ते बाबांच्या मांडीवर जाऊन बसते, आणि बाबांनी मिस्सेला चल म्हटले की आईला पोटात दुखते म्हणून सांगते. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, तसे होते. फरक इतकाच की इथे तो लाभ नसतो. ते मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की त्याला आईची प्रार्थनाही नको असते आणि बाबांचीही नको असते. आई म्हणते, "तुमच्यामुळे." बाबा म्हणतात, "तुझ्यामुळे." आणि मूल तोवर मोबाइल घेऊन माडीवर गेलेले असते.

म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. उपासनेच्या रीतीत नवराबायकोचे दुमत असले तरी बिघडत नाही. ते मुलाच्या देखत चालले, आणि मुलाला त्यात न्यायाधीश केले, म्हणजे बिघडते.

दुमत का होते, ते आधी पाहू. आपण दोघे निरनिराळ्या घरांतून आलेलो असतो. एकीचे माहेर गोव्याकडचे, तिथे प्रार्थना कोकणीत. एक मुंबईत वाढलेला, त्याची मिस्सा इंग्रजीत. एक आपल्या वसईतली, तिची मराठीत, आणि घरातले बोलणे कादोडीत किंवा वाडवळीत. एकाच्या घरी जेवणाआधी प्रार्थना, दुसऱ्याच्या घरी जेवणानंतर. प्रत्येकाला वाटते, माझ्या आईने शिकवले तीच खरी रीत. लग्नात आपण साड्यांचा रंग ठरवतो, जेवणावळीचा बेत ठरवतो, पण "तुमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना कशी होते हो?" हे कोणी कोणाला विचारीत नाही. मूल झाल्यावर मग ते उघडे पडते.

तांदूळ निवडताना आपण खडे, कणी आणि अख्खा दाणा वेगळा करतो. तशीच ही भांडणेही निवडावी लागतात. मी त्यांचे तीन वाटे करते. पहिला वाटा ख्रिस्तसभेने नेमून दिलेल्या गोष्टींचा. दुसरा वाटा, ख्रिस्तसभेने दोन्ही रीती चालतील असे सांगितलेल्या गोष्टींचा. तिसरा वाटा निव्वळ आपल्या घरच्या सवयींचा. आपली शंभरातली बहुतेक भांडणे दुसऱ्या आणि तिसऱ्या वाट्यातली असतात, आणि आपण ती पहिल्या वाट्यातली समजून भांडतो.

पहिल्या वाट्यात काय येते? रविवारची मिस्सा येते. सात वर्षे पूर्ण झालेल्या, समज आलेल्या मुलाला ती आहे. पहिल्या कम्युनियनच्या आधी पापनिवेदन येते. कम्युनियनपूर्वी एक तासाचा उपवास येतो, त्यात पाणी आणि औषध चालते. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे मांसवर्ज्याचे आणि उपवासाचे दिवस येतात. या वाट्यात नवऱ्याचे मत आणि बायकोचे मत असे दोन पक्ष नाहीत. दोघांनी मिळून पाळायचे आणि मुलाला सांगायचे.

पण इथेही नियम नीट ठाऊक असला तर अर्धे भांडण मिटते. आमच्या ओळखीच्या एका घरात उत्तम शुक्रवारी वाद झाला. आईने नऊ वर्षांच्या मुलाला दिवसभर उपाशी ठेवायचे ठरवले. वडिलांनी त्याला गुपचूप बिस्किटे दिली. आईने पाहिले आणि घरात त्या पवित्र दिवशी आदळआपट झाली. आता नियम काय आहे? १९८३ सालच्या धर्मकायद्याप्रमाणे मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागतो. उपवासाचा नियम अठरा पूर्ण झाल्यावर लागतो, आणि साठावे वर्ष सुरू झाले की तो सुटतो. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलावर यातला एकही नियम नाही, वडिलांचे खरे. पण त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की ज्या मुलांना वयामुळे हा नियम लागत नाही त्यांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याची काळजी आईबापांनी घ्यावी. म्हणजे आईचेही खरे! दोघांनी आदल्या रात्री बसून ठरवले असते की मुलगा जेवेल, पण खाऊचे पैसे गरिबासाठी डब्यात टाकील, तर बिस्किटे लपवण्याची पाळी आली नसती. त्या मुलाने त्या दिवशी काय शिकले? उपवास शिकला नाही. लपवणे शिकला.

आणि नियमसुद्धा ख्रिस्तसभा काळ पाहून बदलते, हे लक्षात ठेवावे. माझी आजी कम्युनियन घ्यायचे तर आदल्या मध्यरात्रीपासून काही खात नसे. तिच्या लहानपणी तसाच नियम होता. १९५७ साली तो तीन तासांचा झाला आणि १९६४ साली एक तासाचा. आजीची मिस्सा लॅटिनमध्ये होती. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी महासभा भरली. तिने १९६३ साली उपासनेवरील आपला दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषेला वाट मोकळी झाली. आजीची श्रद्धा कमी होती का? नाही. आपली कमी आहे का? तेही नाही. पहिल्या कम्युनियनचेच पाहा. पूर्वी पुष्कळ ठिकाणी मुले दहा-बारा-चौदा वर्षांची होईपर्यंत थांबवीत. पोप दहावे पायस यांनी १९१० साली सांगितले की सातव्या वर्षाच्या सुमारास समज आली की मुलाला दूर ठेवू नये. त्या वेळीसुद्धा किती घरांत वाद झाले असतील!

आता दुसरा वाटा. कम्युनियन जिभेवर घ्यावे की हातावर? यावरून आपल्याकडे नवराबायको बोलणे सोडतात. २०२० सालच्या कोरोनानंतर हा वाद जास्त वाढला, कारण त्या दिवसांत आजाराच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी हातावरच देत. एक म्हणतो, हातावर घेणे म्हणजे बेअदबी. दुसरी म्हणते, जिभेवर घेणे जुनाट. भगिनींनो, जिभेवर घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि जिथे परवानगी आहे तिथे हातावरही घेता येते, असे रोमने २००४ साली स्पष्ट लिहून दिले आहे. आपल्या देशात ती परवानगी आहे. तेव्हा मुलाला दोन्ही रीती दाखवाव्यात. हात स्वच्छ कसे, डावा हात वर कसा, तिथेच उभे राहून कसे घ्यायचे, आणि जिभेवर घेताना तोंड कसे उघडायचे. आईने "बाबांची रीत चुकीची" म्हणू नये, बाबांनी "आईची रीत खेडवळ" म्हणू नये. मुलाला इतकेच सांगावे की ज्याला आपण घेतो तो एकच आहे.

रोजरीचेही तसेच. पूर्वी पंधरा रहस्ये होती, आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली आणि ती गुरुवारी म्हणावीत असे सांगितले. त्याआधी गुरुवारी आनंदाची म्हणत, आणि शनिवारी गौरवाची. आता आनंदाची शनिवारी गेली. त्यामुळे होते काय, गुरुवारी संध्याकाळी सासूबाई आनंदाचे रहस्य सुरू करतात, नात धर्मशिक्षणाच्या वर्गातून आलेली असते ती म्हणते, "आजी, चुकलीस, आज प्रकाशाची!" सून नातीची बाजू घेते, मुलगा आईची बाजू घेतो, आणि माळ जागच्या जागी राहते. पण पोपमहाशयांनी ही नवी रहस्ये सक्तीची केलेली नाहीत, सुचवली आहेत. तेव्हा एका गुरुवारी आजीने सांगावे, पुढच्या गुरुवारी नातीने. आजीचा मान राहतो आणि नातीचा उत्साहही राहतो.

तिसरी गोष्ट आपल्या भारतातल्या रीतींची. १९६९ साली रोमने आपल्या बिशपांच्या विनंतीवरून बारा गोष्टींना मान्यता दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर ठेवणे, तेलाचा दिवा, आरती अशा त्या गोष्टी आहेत. काही घरांत वडील म्हणतात, "आरती नि समई हे आपले नव्हे." आई म्हणते, "समईपुढे मुले शांत बसतात." दोघांच्या भावना मला समजतात. ज्याच्या आजोबांनी मेणबत्ती लावली त्याला मेणबत्तीत देव दिसतो. पण समई लावणारी बाई धर्म सोडून चालली आहे असे मुलाच्या देखत म्हणणे बरोबर नाही, कारण ते खरे नाही. एका घरात मी पाहिले, त्यांनी रोज मेणबत्ती आणि नाताळ व ईस्टरला समई असे ठरवले. आता समई पुसायचे काम मुलाचे आहे, आणि तो ते कोणाला करू देत नाही.

चौथी गोष्ट भाषेची. नवरा मुंबईला लोकलने कामाला जातो, मुले इंग्रजी शाळेत, म्हणून तो म्हणतो प्रार्थना इंग्रजीतच शिकव, पुढे उपयोगी पडेल. बायको म्हणते, माझ्या आईला काय कळणार? याबाबत मी थोडी मराठीच्या बाजूची आहे, ते लपवीत नाही. जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्याला आले. त्यांनी मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. एका परदेशी माणसाला कळले की या लोकांच्या काळजात शिरायचे तर यांच्याच भाषेतून शिरावे लागेल. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत दिले आणि २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, इथल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते आपल्याला सोडून गेले. मग आपल्या मुलांना आपल्याच भाषेत देवाशी बोलता येऊ नये का? पण म्हणून इंग्रजीला नाक मुरडू नये. प्रभूची प्रार्थना मुलांना दोन्ही भाषांत यावी. रात्री आजीबरोबर मराठीत, आणि शाळेत सगळ्यांबरोबर इंग्रजीत. मात्र एक भाषा पक्की झाल्यावरच दुसरी घ्यावी. नाही तर दोन्ही अर्धवट राहतात. अर्धी प्रार्थना इंग्रजीत सुरू करून आठवत नाही म्हणून मराठीत संपवणारी मुले मी आळीत पाहते. ऐकून हसू येते आणि वाईटही वाटते.

तिसरा वाटा घरच्या सवयींचा. रोजरी किती लांब, गुडघ्यावर की चटईवर, जेवणाआधी की नंतर, मे महिन्यात आळीतल्या क्रुसापुढे जायचे की घरीच म्हणायचे. या गोष्टी छान आहेत, पण त्या आपल्या घराच्या आहेत. त्या मुलाला द्यायच्या त्या भेट म्हणून द्याव्यात. त्यांचा कायदा करू नये.

आमच्याच घरचे सांगते. माझे सासरे पाच दशके, त्यामागच्या साऱ्या विनवण्या, आणि गेलेल्या माणसांची एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना, असे सगळे मिळून पाऊण तास घेत. आमच्या ह्यांना तीच सवय. माझ्या माहेरी आई दिवसभर वाडीत राबून यायची, तिथे दोन दशकांवर निभावून न्यावे लागे. आमचा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. तिसऱ्या दशकाला तो चटईवरच झोपी जायचा आणि हे त्याला उठवून बसवायचे. मला ते पाहवत नसे. पण मुलांसमोर मी एक शब्द काढला नाही. रात्री मुले झोपल्यावर ओट्यावर बसून आम्ही बोललो, एका रात्री नव्हे, चार-पाच रात्री. ह्यांनी त्यांच्या वडिलांविषयी सांगितले. त्या पाऊण तासात घरातला प्रत्येक मेलेला माणूस रोज एकदा घरी येऊन जायचा, असे ते म्हणाले. मी माझ्या आईविषयी सांगितले. शेवटी ठरले असे. पहिले दशक धाकट्याने सांगायचे आणि आजोबांचे नावही त्यानेच घ्यायचे. मग तो झोपायला मोकळा. सात वर्षांवरच्यांनी पाचही दशके बसायचे. शनिवारी पूर्ण, सगळ्या विनवण्यांसह. आज तो मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याने कधीही न पाहिलेल्या पणजोबांचे नावसुद्धा त्याला तोंडपाठ आहे. हे ठरवताना दोघांनाही थोडे थोडे सोडावे लागले, पण मुलांना एकच रीत मिळाली.

आता मी पुरुषांविषयी थोडे बोलणार आहे. मागच्या खुर्च्यांवर काही बसले आहेत, त्यांनी राग मानू नये. आपल्याकडे मुलांची प्रार्थना हे आईचे काम असे धरून चालतात, जसे भाजी निवडणे. रविवारी बाई आणि मुले आत बाकावर, आणि वडील बाहेर झाडाखाली मोटरसायकलीला टेकून. प्रवचन संपले की आत येतात. मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत आईजवळ बसतो. बाराव्या वर्षी तो त्या झाडाकडे पाहू लागतो. एका आईने आपल्या मुलाला विचारले, "बाहेर का थांबतोस?" तो म्हणाला, "मी आता लहान नाही." बायांनो, त्याच्या मनात काय गणित झाले पाहा. आत बसणे लहान मुलांचे आणि बायकांचे, बाहेर उभे राहणे पुरुषाचे. हे त्याला कोणी शिकवले नाही, त्याने पाहून घेतले. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

पण यावर उपाय म्हणून चारचौघांत नवऱ्याचा उद्धार करू नये. मुलाच्या देखत "तुझा बाप असा" म्हटले की मूल बापाकडे जास्त ओढले जाते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले. त्यापेक्षा त्यांना काम द्यावे. मुलाला क्रुसाची खूण शिकवायचे काम बाबांचे. झोपताना कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद द्यायचा तो बाबांनी. ज्या माणसाला रोजरी पाठ नाही त्यालाही हे येते. माझ्या माहितीतल्या एका घरात वडील देवळात फारसे जात नसत. पण मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी रोज रात्री तिच्याकडून प्रार्थना पाठ करून घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. मुलीची पाठ झाली, आणि त्यांचीही झाली.

पवित्र शास्त्रात येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, ती हकीकत आपल्याला ठाऊक आहे. दरवर्षी सणाला मारिया आणि योसेफ दोघे मिळून जात. तीन दिवसांनी तो सापडला तेव्हा मारियेने त्याला विचारले, त्यात तिने आधी वडिलांचे नाव घेतले आणि मग स्वतःचे. मला ते वाक्य फार आवडते. ती रागावली होती, घाबरली होती, तरी ती दोघांच्या वतीने बोलली.

आपल्यापैकी काहींच्या घरी नवरा किंवा बायको दुसऱ्या धर्माची आहेत, त्यांचेही बोलले पाहिजे. तिथे नियम असा की, मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी आपल्याकडून होईल ते सर्व करीन, असे वचन कॅथलिक असलेल्या जोडीदाराने द्यायचे असते. दुसऱ्याला त्याची पूर्ण कल्पना द्यायची. १९७० सालापासून दुसऱ्याकडून तसे वचन घेत नाहीत. याचा अर्थ लग्नाआधीच सगळे उघडपणे बोलायचे आणि पुढे दुसऱ्याच्या मनाविरुद्ध चोरून काही करायचे नाही. आमच्या शेजारी एक हिंदू गृहस्थ आहेत. दर रविवारी पावसापाण्यातून मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला ते स्वतः सोडतात, कारण लग्नाच्या वेळी बायकोने दिलेल्या वचनाला त्यांनी होकार दिला होता. आणि ती मुले गणपतीत आजोळी नव्हे, वडिलांच्या घरी जातात तेव्हा त्यांची आई त्या घरच्या माणसांविषयी एक वावगा शब्द काढीत नाही. आपण दोघे कॅथलिक असून एका माळेवरून भांडतो, आणि ती दोघे दोन धर्मांची असून भांडत नाहीत. विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

नवा एक वाद मोबाइलचा आहे. २०२० साली टाळेबंदीत देवळे बंद झाली तेव्हा आपण मोबाइलवर मिस्सा पाहिली, आणि त्या वेळी तिचा मोठा आधार वाटला. पण काही घरांत ती सवय राहिली. एकजण म्हणतो, "घरी बसून पाहिली तरी तीच मिस्सा." आजारी माणसाला, म्हाताऱ्याला ती ठीक आहे. पण धडधाकट माणसाला ती देवळातल्या मिस्सेच्या जागी चालत नाही. मुलाला सांगण्याची सोपी रीत अशी: लग्नाचे जेवण फोटोत पाहून पोट भरते का? हे नवऱ्यालाही सांगता येते, पण हसत सांगावे.

आणखी एक गोष्ट दोघांनी मिळून सोडली पाहिजे, ती म्हणजे देवाला पोलीस करणे. "थांब, देव शिक्षा करील", "फादरना सांगेन, पापनिवेदनात काय सांगशील?" असे आपण सहज बोलून जातो. पोप फ्रान्सिस, ज्यांचे २०२५ साली निधन झाले, त्यांनी २०१६ साली कुटुंबांसाठी लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की आई लहान बाळाला येशूला किंवा मारियामातेला पापा द्यायला शिकवते ते फार सुंदर दृश्य आहे. बाळ प्रथम पापा शिकते, मग शब्द शिकते, आणि अर्थ कळायला तर आयुष्य जाते. हा क्रम आपण उलटा करू नये.

आता शेवटी, दोघांनी पाळायच्या चार गोष्टी सांगते. एक, वाद मुले झोपल्यावर करावा आणि निर्णय मुलांना दोघांनी मिळून सांगावा. दुसरी, वाद निघाला की आधी विचारावे, हा ख्रिस्तसभेचा नियम आहे की आपली सवय? ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून फादरना विचारावे, एकट्याने जाऊन आपल्या बाजूचा निकाल आणू नये. तिसरी, एकमेकांच्या आईवडिलांच्या रीतीला हसू नये, कारण मूल त्या दोन्ही घरांचे आहे. चौथी, लग्न ठरलेल्या मुलामुलींना लग्नाच्या तयारीच्या वर्गाला पाठवतो तेव्हा आपण आयांनी त्यांना बजावावे की साखरपुड्याच्या पेढ्यांबरोबर प्रार्थनेचेही बोलून घ्या.

धर्मकायदा म्हणतो की मुलांना श्रद्धेत वाढवण्याचे कर्तव्य सर्वांच्या आधी आईबापांचे आहे. फादर आणि धर्मभगिनी त्यानंतर येतात. आईबाप असे दोघांचे मिळून म्हटले आहे, एकट्या आईचे नव्हे आणि एकट्या बापाचे नव्हे. आपले मंडळ इतकी वर्षे शिवण, पापड, बचत आणि औषधपाण्याची मदत अशी कामे करीत आले आहे. येत्या वर्षात पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवावी, आणि तिला नवरेबायको दोघांना बोलवावे, अशी माझी कमिटीला नम्र सूचना आहे. चहा मी करीन.